बोक्याचा आवाज

बोगुमिल सावित्स्कीचा चेहरा अख्ख्या पोलंडला ठाऊक होता आणि नाव कुणालाच नव्हतं. सिनेमात तो कधी जर्मन अधिकारी असे, कधी खेड्यातला पाद्री, कधी दारुडा ट्रामचालक. टीव्हीवर तर एकाच हिवाळ्यात त्यानं एका मालिकेत खुनी केला आणि दुसरीत फौजदार, तरी कुणाच्या ध्यानात आलं नाही. रस्त्यात लोक थांबवून विचारत, आपण एका गिरणीत होतो का हो? तो हसून हो म्हणे. त्याची बायको यादविगा त्याच्याच नाटकघरात प्रॉम्प्टर होती. विंगेत बसून अडखळलेल्या नटाला शब्द पुरवायचे, हे तिचं काम.

मग लष्कराची राजवट आली. रस्त्यावर रणगाडे उभे राहिले, टीव्हीवर गणवेशातली माणसं बातम्या वाचायला लागली, आणि नटांनी आपसांत ठरवलं की त्या टीव्हीच्या दारात कुणी पाऊल ठेवायचं नाही. लेखी काही नव्हतं. पण जो जाईल तो आपल्यातून उठला, हे सगळ्यांना कळत होतं. बोगुमिलनंही मान हलवली होती. सावित्स्कींनी घरातला टीव्ही भिंतीकडे तोंड करून ठेवला होता.

एका दुपारी यादविगा बटाटे सोलत होती आणि शेजारच्या कुलेशाबाईंच्या घरातून एक बोका बोलायला लागला. पोरांचा बाहुल्यांचा कार्यक्रम होता. बोका म्हातारा, लबाड, नाकात बोलणारा. यादविगाच्या हातातली सुरी थांबली. बोगुमिलनं असा आवाज यापूर्वी कधी काढला नव्हता. पण वाक्याच्या शेवटी जरासं थांबून शब्द हळूच खाली सोडायची ती लकब तिच्या ओळखीची होती.

जिन्यात कुलेशाबाई भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "तुमच्या यजमानांची आठवण होते हो त्या बोक्याला ऐकून." यादविगा हसली. म्हणाली, सगळे म्हातारे बोके असेच बोलतात.

त्या रात्रीपासून ती नवऱ्याकडे निरखून पाहायला लागली. बोगुमिल हल्ली दर आठवड्याला दातांच्या डॉक्टरकडे जात होता. उजवीकडची दाढ, फार ठणकते म्हणायचा. रविवारी त्यानं अक्रोड फोडून खाल्ले, गप्पांच्या नादात, उजव्याच बाजूनं. तिनं ते पाहून ठेवलं. दुसऱ्या दिवशी सहज विचारल्यासारखं विचारलं, तो बोका कोण करतं रे? तो म्हणाला, असेल कुणीतरी भुकेला. इतक्या शांत, उघड्या चेहऱ्यानं म्हणाला की तिचा विश्वास बसणारच होता. तेवढ्यात तिला आठवलं, हा चेहरा तिनं पाहिलेला होता. खेड्यातल्या पाद्र्याचा.

नाटकघरात कुजबुज सुरू झाली होती. बोगुमिल उपाहारगृहात शिरला की बोलणी थांबत. कंपनीतला सगळ्यात ज्येष्ठ नट लुडविक यादविगाला बाजूला घेऊन म्हणाला, "तुझ्या शब्दावर आम्ही गप्प बसू. तूच सांग." तिनं सांगितलं, माझा नवरा दाढेसाठी जातो. सांगताना ती लुडविकच्या डोळ्यांत पाहू शकली, याचंच तिला मागाहून नवल वाटलं.

पण प्रेक्षकांना कुणाचा शब्द नको होता. शनिवारच्या प्रयोगात बोगुमिल पोस्टमास्तर होऊन रंगमंचावर आला आणि तोंड उघडायच्या आत टाळ्या सुरू झाल्या. तो थांबला. टाळ्या संपल्या की बोलू, अशा बेतानं उभा राहिला. टाळ्या संपेनात. सावकाश, एका ठेक्यात, चेहरा न हलवता लोक वाजवत राहिले. त्यानं ओठ हलवले की जोर वाढे. यादविगा विंगेत वही धरून बसली होती. पुरवायला शब्द होते, पण त्याला ते ऐकू गेले नसते. शेवटी पडदा पाडला.

ती रंगपटात गेली तेव्हा तो आरशासमोर बसून मिशी काढत होता. तिनं दार लावलं.

"तूच आहेस ना रे तो?"

त्यानं आरशातूनच मान हलवली. मग हळूहळू सांगायला लागला. पैशांसाठी गेलो नाही, म्हणाला. चित्रपट थांबलेले, घरात बसवेना. ते म्हणाले, नाव येणार नाही, चेहरा दिसणार नाही, नुसता बोका. मला वाटलं, मला कोण ओळखतंय?

"तीस वर्षं मला कुणी ओळखलं नाही, यादविगा. आणि आज सगळं थिएटर ओळखतंय. नुसत्या आवाजावरून."

तिला त्याच्या बोलण्यात काहीतरी भलतंच ऐकू आलं. तिनं विचारलं, "बरं वाटलं का तुला?"

त्यानं काढलेली मिशी आरशापुढे नीट ठेवली. मग म्हणाला, "क्षणभर."

तिनं त्याचा कोट त्याच्या मांडीवर टाकला आणि ती एकटीच ट्रामनं घरी गेली.

दुसऱ्या दिवशी त्यानं स्वतः लुडविकला सांगितलं, आणि हेही सांगितलं की बायकोला ठाऊक नव्हतं. लुडविकनं यादविगाकडे पाहिलं. तिनं मान खाली घातली. पोस्टमास्तर दुसऱ्याकडे गेला, बोकाही दुसऱ्याच आवाजात बोलायला लागला. वर्षाअखेरीला बहिष्कार सुटला. बोगुमिल परत आला, छोट्या भूमिका करू लागला, पुढे सिनेमेही मिळाले. काहींनी हात मिळवला. लुडविकनं शेवटपर्यंत नाही.

घरात भांडण असं झालंच नाही. तो खोटं बोललेला तिला पुन्हा कधी सापडला नाही. पण ती शोधायची थांबली नव्हती.

पुढच्या वसंतात जिना चढताना त्यानं छातीवर हात दाबला आणि खाली बसला. कपाळावर घाम, ओठ निळसर. "यादविगा, डॉक्टरांना," एवढंच म्हणाला. ती वरच्या पायरीवर उभी राहून त्याच्याकडे पाहत राहिली. हे याआधी कुठल्या सिनेमात केलं होतं यानं, ते आठवत राहिली. मग तिनं कुलेशाबाईंचं दार बडवलं.

तो वाचला. इस्पितळात ती रोज गरम सूप घेऊन जायची, चमच्यानं भरवायची. एकदा तो म्हणाला, तू वर उभी होतीस, मला दिसत होतं. ती म्हणाली, मी घाबरले होते.

बोगुमिलनं तिच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं, आणि पुढचा चमचा घ्यायला तोंड उघडलं.