हरभऱ्याएवढं भोक

बेबीनंदानं दातानं दोरा तोडला आणि कापून ठेवलेलं कागदी लेबल साडीच्या टोकाला परत बांधून टाकलं. लग्नाच्या आदल्या दिवशी तिनंच ते कापलं होतं आणि डाळीच्या डब्यामागं दडवलं होतं. आता ते असं लटकत होतं, की जणू साडी कुणाच्या अंगाला लागलीच नव्हती. चोराच्या मनात चांदणं, तशातली गत. दाराशी कोंबडी फडफडली तरी ती दचकत होती.

साडी तिची नव्हतीच. सून मोनालीनं लग्नात नेसलेली पांढरी साडी ती, सुनेच्या पेटीतून सुनेला न विचारता काढलेली.

घरात कुणी नव्हतं. मुलगा सुमित जालन्याला कारखान्यात ड्यूटीवर होता, नवरा तातेराव शेतात. मोनालीला तर तिनं स्वतःच विहारात पिटाळलं होतं. परवावर बुद्धपौर्णिमा आली होती आणि धावडा गावच्या बाया तिथं झाडलोटीला जमल्या होत्या.

"तू जाय बाई, मी बघते घरातलं," असं ती गोड आवाजात म्हणाली होती. तो गोडवा तिचा तिलाच बेचव लागला होता.

लग्नाचा बस्ता दोन्हीकडच्या माणसांनी मिळून जुन्या जालन्यात बांधला होता. सगळं घेऊन झालं, पण नवरीची पांढरी साडी मात्र बेबीनंदाला एकही पसंत पडेना. ती मी एकटी येऊन निवडीन, असं तिनं विहिणीला ठणकावून सांगितलं. मग ऊन वाढलं, अंगणवाडीताई म्हणून तिला लेकरांची वजनं फोनवर भरायची राहिली होती, आणि त्याच फोनवर एक साडी दिसली. पांढरीशुभ्र, बारीक जरीचा काठ. तिनं मागवून टाकली. गावात मात्र सांगितलं, "चार दुकानं पालथी घातली, तवा कुठं मनासारखी मिळाली."

पार्सल लग्नाच्या तोंडावर आलं. उघडून बघते तर पदरावर हरभऱ्याएवढं भोक. तिनं फोटो काढून तक्रार टाकली, बदलून द्या म्हणून. पण नवी साडी लग्नानंतरच येणार होती. खरं सांगावं तर चार दुकानांची शेखी उघडी पडणार. तिनं घडी अशी घातली की भोक आत गेलं, आणि तीच साडी नवरीकडच्यांच्या हातात दिली. लग्नात कुणाच्या काही लक्षात आलं नाही. आता गुपचूप बदलून घेतली की पौर्णिमेला सुनेच्या अंगावर धड साडी असणार होती, आणि आपल्या अब्रूलाही धक्का नव्हता.

मोटरसायकल दारात थांबली. पार्सलं आणणारा हाशिम भोकरदनहून यायचा. दाढीत पांढरं डोकावू लागलेला, कमी बोलणारा माणूस.

"ताई, साडी बदलायची हाय ना?"

"हळू बोला हाशिमभाई. आत या."

त्यानं नवं पार्सल बाजूला ठेवलं आणि जुनी साडी हातात घेतली. लेबलाच्या गाठीकडं क्षणभर बघितलं. बेबीनंदानं पदर सावरला. त्यानं फोन काढून तिनंच पाठवलेला फोटो उघडला.

"फोटोत भोक हाय. इथं कुठंय?"

"आसंल की. पदरावर बघा."

त्यानं पदर बाजेवर पसरला. उलटा केला, सुलटा केला. दारातल्या उजेडाकडं धरला.

"न्हाई ना ताई. साडी तर बिलकुल चांगली हाय. खराबी दिसल्याबिगर मला नेता येत न्हाई. दुसरी तर न्हाई दिली तुमी?"

"हीच हाय. मी काय खोटं बोलून राह्यले का?" ती फणकारली आणि त्याच्या हातातून पदर ओढून घेतला. खोटं हा शब्द आपल्याच तोंडून निघाल्यावर तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

काठाजवळच्या तिसऱ्या बुट्टीखाली होतं ते भोक. तिला पक्कं आठवत होतं. तिथं आता नुसतं पांढरं होतं. तिनं डोळे बारीक केले, मग बोट फिरवलं. एका जागी बोटाला किंचित जाडसर लागलं. नखाएवढीच जागा, उभेआडवे धागे विणून भरलेली. धागाही रिळाचा नव्हता, साडीच्याच रंगाचा होता.

तिनं साडीचं दुसरं, कमरेत खोचायचं टोक चाचपलं. तिथले धागे ओढून काढलेले होते.

मोनालीच्या पर्समध्ये सुई कायम असायची. सासरी येताना तिनं शिलाई मशीनही आणलं होतं. पण या घरात आल्यापासून तिनं ही पेटी उघडलीच नव्हती.

म्हणजे लग्नाच्याच दिवशी.

बेबीनंदा बाजेवर टेकली. त्या दिवशी शाळेच्या खोलीत नवरी तयार होत होती, दार आतून लावलेलं. बाहेर भंतेजी बसलेले, पाहुणे उन्हानं कावलेले. वेळ चालला म्हणून बेबीनंदानंच दार बडवलं होतं आणि सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं म्हटलं होतं, "भंतेजी बसून राह्यले न् आमच्या सूनबाईचं नटणं सरून न्हाई राह्यलं!" मांडव हसला होता. आतून एवढाच आवाज आला होता, "झालंच आत्या, पिना लावून राह्यले." आणि तेवढ्यानं बेबीनंदाचं भागलं नव्हतं. गावात आल्यावरही बायांत बसून ती सुनेला 'तासाभराची नवरी' म्हणत होती. बाया खिदळायच्या आणि मोनाली खाली मान घालून चहा द्यायची.



"मंग काय करू ताई?" हाशिमनं विचारलं. "कारण टाकावं लागतं."

"टाका, साडी चांगली हाय म्हणून. न्हाई बदलायची."

तो नवं पार्सल उचलून निघाला. उंबऱ्यात थबकून म्हणाला, "रफूचा हात बराबर साफ हाय कुणाचा तरी."

मोनाली परतली तेव्हा साडी बाजेवर तशीच पसरलेली होती, लेबलासकट. सुनेनं आधी साडीकडं बघितलं, मग सासूकडं. हातातला झाडू तिनं हळूच भिंतीला टेकवला.

"बोलली का न्हाईस मला?" बेबीनंदानं विचारलं.

मोनाली पायाच्या अंगठ्यानं जमीन टोकरत राहिली.

"तुमी समद्यांना सांगत व्हत्या, चार दुकानं पालथी घातली म्हणून. लई हौसेनं सांगत व्हत्या, आत्या. मंग मी कसं बोलू?"

बेबीनंदानं कात्री घेतली आणि लेबल कापून टाकलं.

पौर्णिमेला मोनाली तीच साडी नेसून विहारात आली. वंदना झाली, खीर वाटायला घेतली, बाया ओट्यावर टेकल्या. मांडवातलं सगळं पाहिलेली गिरिजाबाई शेजारीच बसली होती. तिनं सवयीनं सुरुवात केली.

"आज लौकर आवरलं वाटतं तासाभराच्या नवरीनं?"

दोघीतिघी हसल्या. मोनालीनं खिरीच्या पातेल्यावर मान वाकवली.

बेबीनंदा उठली. तिनं सुनेच्या खांद्यावरचा पदर ओढून पुढं घेतला.

"चार दुकानं म्या पालथी घातली नव्हती," ती म्हणाली. "फोनवरून मागवल्ती. फाटकी निघाली. मला ठावं असून तशीच देल्ती हिला. त्या दिवशी ही नटत नव्हती गिरिजाबाई, माझं फाटकं शिवत बसल्ती."

"आत्या, राहू द्या ना," मोनाली पुटपुटली, पण बेबीनंदानं पदर सोडला नाही.

गिरिजाबाईनं चष्मा सारखा केला, पदर हातात घेतला, उजेडाकडं धरला. उलटा केला, सुलटा केला.

"कुठं फाटलीय? मला तर काहीच दिसून न्हाई राह्यलं."

"मलाबी न्हाई दिसलं," बेबीनंदा म्हणाली.