सरकवलेलं बटण

“शुगर आहे ना यांना? मग थायरॉइडही एकदा बघून घ्या. पुष्कळदा ही दोन्ही एकाच माणसाला गाठतात,” दवाखान्यातल्या नर्सबाई म्हणाल्या, तेव्हा सुनेच्या कडेवर बाळ रडत होतं, खांद्यावरून पिशवी घसरत होती आणि सासूबाई दाराशी चपला शोधत होत्या. आधीच काय कमी आहे, त्यात हे आणखी कुठे, असं मनाशी म्हणत सुनेनं मान डोलावली. या कानानं ऐकलं, त्या कानानं सोडून दिलं.

खरं तर ती काळजी करण्यात पटाईत. बाळ शिंकलं की थर्मामीटर काढायची. पण तिची सगळी नजर बाळानंच खाऊन टाकली होती. सासूबाईंसाठी उरत नव्हती.

आणि सासूबाई काळजी करावी अशा नव्हत्याच मुळी. पुढच्या खोलीत त्यांचं शिवणकाम चालायचं. गिऱ्हाईक दारातून आत येईपर्यंत त्याचा एक खांदा उतरता आहे हे त्यांनी ओळखलेलं असायचं, आणि त्याला न सांगता त्या बाजूला अस्तर जास्त घालायच्या. अंगात बंद गळ्याचा करडा डगला, छातीवर टाचण्यांची रांग, खिशात साखरेचे खडे. वर्षानुवर्षं इन्सुलिन टोचून घेत होत्या, पण कुरकुर नाही. मधुमेहाला त्या ‘भाडेकरू’ म्हणायच्या. “भाडं देत नाही, जागा सोडत नाही. पण सांभाळलं तर दंगा करत नाही.”

त्या वर्षी मात्र सासूबाई मंदावल्या. भर दुपारी थंडी वाजायची, डगला गळ्यापर्यंत बंद. आवाज घोगरा झाला, चेहरा सुजट दिसू लागला. एक बाही लावायला सकाळ जायची. “भाडेकरू म्हातारा झाला, मीही झाले,” त्या म्हणायच्या, आणि घरातले सगळे हसून मोकळे व्हायचे.

मग एके दुपारी बाळ मांडीवर असताना त्यांची साखर उतरली. हात कापायला लागले, डोळ्यांपुढे धूसर झालं. तशातही त्यांनी आधी बाळाला जमिनीवरच्या गादीवर ठेवलं, हाताशी असलेली कात्री दूर सारली आणि मगच खिशातला खडा तोंडात टाकला. सून आतून आली तेव्हा त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या, घामानं चिंब. साखर अशी उतरण्याची त्या महिन्यातली ही पहिली वेळ नव्हती. पूर्वी वर्षातून एखाददा व्हायचं.

संध्याकाळी त्या म्हणाल्या, “तू कामावर रुजू होशील ना, तेव्हा बाळाला पाळणाघरात ठेव. माझ्याकडे नको.”

“आई, असं काय बोलता?”

“खरं तेच बोलते. या हातांवर माझा भरवसा राहिला नाही. माझा नाही, तर तू का ठेवावास?”

हे म्हणणं त्यांना किती जड गेलं असेल ते सुनेला कळलं. नातवंड हातात आल्यापासून याच बाईनं गिऱ्हाइकांना चक्क थांबवून ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी डगला इस्त्रीला घेतला तेव्हा सुनेचा हात कॉलरपाशी थांबला. वरचं बटण काठाला येऊन चिकटलं होतं, आणि त्याच्या शेजारी जुन्या टाक्यांच्या बारीक खुणा होत्या, दोन ठिकाणी.

“आई, हे बटण सरकवलंत?”

“गळा दाटत होता. माणूस वाढला की कपड्यानं वाढायचं, धंदाच आहे आपला.”

“छातीतही सैल केलात? कमरेत?”

“तिथं कशाला? तिथं बसतोय की व्यवस्थित.” बोलता बोलता त्यांचा हात आपोआप टेपकडे गेला. आरशासमोर उभं राहून त्यांनी स्वतःच्या गळ्याचं माप घेतलं, परत घेतलं. “लोकांचे खांदे दारातून ओळखते मी,” त्या सावकाश म्हणाल्या, “आणि स्वतःच्या गळ्याला नुसतं बटण लावत बसले.”

सुनेला नर्सबाई आठवल्या. त्याच संध्याकाळी ती सासूबाईंना डॉक्टरांकडे घेऊन गेली.

डॉक्टरांनी घोटभर पाणी प्यायला लावून गळा चाचपला, रक्त तपासायला दिलं. गळ्यातली थायरॉइड ग्रंथी सुजली होती आणि तिचं काम मंदावलं होतं. ते मंदावलं की टोचलेलं इन्सुलिन शरीरात जास्त वेळ रेंगाळतं, म्हणून नेहमीचाच डोस जड होऊन साखर उतरते, असं त्यांनी समजावलं. इन्सुलिन कमी केलं, रोज सकाळी उपाशीपोटी घ्यायची गोळी दिली, आणि गोळी लागू पडली की साखर पुन्हा चढू शकते, तेव्हा तपासत राहा, असं बजावलं.

“म्हणजे भाडेकरूनं भाऊबंद आणून ठेवला,” सासूबाई म्हणाल्या. डॉक्टरही हसले.

गोळीनं घाई केली नाही, सासूबाईंनीही केली नाही. पहाटे गोळी, मग चहाची वाट बघत बसणं. दिवसातून कितीदा तरी बोट टोचून साखर बघणं. बाळ पाळणाघरात जात होतं तेवढे दिवस त्यांनी एकदाही ‘आण त्याला’ म्हटलं नाही. आवाज मोकळा झाला, मशीन पुन्हा धावायला लागलं, तरी नाही. डॉक्टरांनी सगळं जागेवर आल्याचं सांगितलं, साखर बरेच आठवडे उतरली नाही, तेव्हा कुठे एका सकाळी त्या सुनेच्या आधी दाराशी जाऊन उभ्या राहिल्या.

“पिशवी ठेव खाली. आज हा कुठे जात नाही.”

सुनेनं बाळ त्यांच्या हातात दिलं आणि मागे वळून न बघता कामावर गेली. तिच्यासारखीला हे साधं नव्हतं.

तुमच्याही घरात असं कुणी असेल. शुगर असलेलं, न कुरकुरणारं, ज्याच्या थकव्याला सगळे ‘शुगर आहे ना’ म्हणून मोकळे होतात. आज त्यांच्यासमोर जरा बसा. थंडी वाजते का, आवाज बसलाय का, कपडा गळ्याशी दाटतो का, विचारा. आणि थायरॉइड शेवटचा कधी तपासला, तेही विचाराच.