पोत्याचा दुसरा कोपरा

धरमसिंगच्या पोटातल्या गाठीचा रिपोर्ट चांगला आला, आणि तांड्यात एकच माणूस नाराज झाला. तो म्हणजे खुद्द धरमसिंग.

बायको मानीबाईने घरोघर पेढे वाटले. मुलगा इंद्रजीत पाहुण्यांना फोन करत सुटला, "बाच्या स्वादुपिंडावर गाठ हाय, पण कॅन्सर नाही निघाला." धरमसिंगने पेढा हुंगला आणि खाली ठेवला. आठ किलो वजन उतरलं होतं, पाठ सारखी ठणकत होती. आणि म्हणे काही नाही!

"मशीनमंदी निजवून, फोटो पाहू पाहू सुई टाकली," मानीबाई म्हणाली. "मशीन खोटं बोलते का?"

"मशीन नाही बोलत. पण सुई कोनत्या अंगाले गेलती, तुले ठाव हाय?"

हा संशय उगाच नव्हता. चोराच्या वाटा चोराला ठाऊक. ढाणकीच्या बाजारात व्यापारी वामनराव सोयाबीनच्या पोत्यात पोकळ सळई खुपसून नमुना काढत. ते नेहमी उभ्याउभ्या वरच्या कोपऱ्यात खुपसत. धरमसिंग वीस वर्षं वजन वाढवणारा ओला माल बरोबर उलट्या, खालच्या कोपऱ्यात भरत आला होता. एकदाही सापडला नाही. वामनराव तर चारचौघांत सांगत, माल घ्यावा तर धरमसिंगचा.

आठ दिवस तो सगळ्यांवर डोळा ठेवून होता. मानीबाई एवढी गोड काहून बोलते? इंद्रजीतने रिपोर्ट कपाटात कायले ठेवला? खरं तर तो घाबरला होता, पण कबूल कोण करणार! नवव्या दिवशी त्याने यवतमाळची एसटी पकडली. मानीबाई कुरकुरत सोबत आली.

दवाखान्यात डॉक्टर प्रेरणाबाईंनी संगणकावर चित्र दाखवलं. करडी गाठ, तिच्यात पांढरी रेघ. ती सुई.

"टोक तं कडेलेच हाय," धरमसिंग म्हणाला. "पलीकडच्या अंगाचं काय?"

"काका, मधे मोठी रक्तवाहिनी आहे, म्हणून अलीकडून घेतलं. महिन्याने परत फोटो काढणारच आहोत."

तेव्हा त्याने मानीबाईकडे न बघता पोत्याची सगळी हकिकत सांगून टाकली. कोणता कोपरा, किती ओलं, सगळं.

मानीबाईने आ वासला. "म्हणून मले कधी पोतं भरू देत नव्हते तुमी!"

"बाई, वीस वर्सं नमुना चांगलाच निघाला," तो डॉक्टरांना म्हणाला. "पोतं चांगलं नव्हतं."

डॉक्टर हसल्या नाहीत. त्यांनी चित्र पुढे-मागे फिरवून पाहिलं, कुणाला तरी फोन केला. मग म्हणाल्या, "पाठीकडून वाट दिसते. उद्या पुन्हा टोचू."

दुसरा रिपोर्ट आला त्या दिवशी डॉक्टरांनी स्वतः उठून त्याच्यासाठी खुर्ची ओढली. तिथेच तो समजला.

"सापडलं?"

"सापडलं, काका. पण अजून पसरलेलं नाही. नागपूरला ऑपरेशन होईल. महिनाभर थांबलो असतो, तर असं म्हणता आलं असतं की नाही, सांगता येत नाही."

मानीबाईने तोंडाला पदर लावला. धरमसिंगच्याही डोळ्यांतून पाणी आलं. जन्मात पहिल्यांदा तो पकडला गेला होता, आणि त्याला त्याचं इतकं बरं वाटत होतं की लाजच वाटली.

बाहेर आल्यावर त्याने इंद्रजीतला फोन लावला.

"वामनरावाले सांगजो," तो म्हणाला, "यंदा माह्या पोत्याले चारही कोपऱ्यांत सळई खुपसजा. अन् पोते घेऊन मीच येतो म्हनावं."