इशेनालीबद्दल वाचायचा कागद

बुरुलने पिठाचे चौकोनी तुकडे ओंजळभर उचलून कढईत सोडले. तेल फसफसून वर आले, तुकडे फुगले, एकमेकांना ढकलत उलटे झाले. सकाळपासूनचा हा सातवा घाणा. उद्या तिच्या नवऱ्याला, इशेनालीला, जाऊन वर्ष होणार होते. दीडशे माणसे जेवायला यायची होती, आणि गावात कुणाचेही वर्षाचे जेवण बोर्सोक तळल्याशिवाय होत नाही. तेलाचा वास मेलेल्याला पोचतो म्हणतात. बुरुलच्या केसांत, नाकात, नखांत तो वास गेले दोन दिवस बसला होता.

"जन्मसाल?" मुकाम्बेत मास्तरांनी विचारले. ते दाराशी स्टुलावर वही मांडीवर घेऊन बसले होते. उद्या जेवणाआधी वाचायचा कागद त्यांनाच लिहायचा होता. निवृत्त झाल्यापासून गावातल्या सगळ्या मेलेल्यांचे कागद तेच लिहीत.

"लिहा, जुना पूल वाहून गेला त्या वर्षी," काल्बू म्हणाली. इशेनालीची ही थोरली बहीण, ऐंशीला टेकलेली. गुडघे गेले होते, पण आवाज शाबूत होता. "आई गेली तेव्हा तो अकरा महिन्यांचा. मी नऊ वर्षांची. पाठीला बांधून कुरणावर न्यायची त्याला. घोडीच्या दुधावर वाढलाय तो."

"पूल कोणत्या साली गेला, काल्बू?"

"ते तुम्हीच बघा. मास्तर तुम्ही."

मास्तरांनी बुरुलकडे पाहिले. तिने साल सांगितले. मग शाळा, मग सैन्यातली दोन वर्षे, मग कोक-बेलच्या खिंडीवरची नोकरी. चौतीस वर्षे बुलडोझर. हिवाळ्यात बर्फ काढायचे, वसंतात दरडी. मास्तर लिहीत गेले. बुरुल झाऱ्याने घाणा काढून परातीत ओतत गेली.

"आता बसची गोष्ट," काल्बू म्हणाली आणि पाय सरळ करून नीट बसली.

ही गोष्ट गावात सगळ्यांना पाठ होती. फेब्रुवारी महिना. खिंडीत हिमकडा कोसळला आणि एकोणीस माणसांची बस त्याखाली अडकली. रेडिओवर निरोप आला. खिंडीतल्या रस्त्याच्या चौकीत चालू स्थितीतले यंत्र एकच, इशेनालीचे. तो एकटा वर गेला आणि एक रात्र, एक दिवस खणत राहिला. एकोणीसच्या एकोणीस जिवंत बाहेर काढले. त्याबद्दल मिळालेले सन्मानपत्र बाहेरच्या खोलीत काचेत लावले होते. काल्बू सांगताना दर वेळी बर्फ थोडे वाढवायची. आज ते बसच्या टपाच्या वर दोन पुरुष उंच गेले.

"दोन पुरुष लिहू?" मास्तरांनी हळूच विचारले.

"तीन लिहा. तुमच्या बापाचं काय जातंय?"

मास्तर हसले. बुरुल हसली नाही. पुढचा घाणा तिने जरा लवकरच सोडला. तेल अजून पुरते तापले नव्हते.

ती बसची गोष्ट कधी सांगत नसे. तिला त्या दुपारचे दुसरेच आठवे. चौकीतले दोन खोल्यांचे घर. चार वर्षांची नाझिरा तीन दिवस तापाने फणफणलेली, मान हलवली की किंचाळायची. दवाखाना खाली, बावीस किलोमीटरवर, आणि रस्ता बर्फाने बंद. इशेनाली बूट चढवत होता. पोरीला गोधडीत गुंडाळून बुरुल दारात उभी राहिली.

"आधी आम्हाला खाली सोड," ती म्हणाली होती.

"वर माणसं गाडली गेलीत."

"नको जाऊ. ही जाईल हातची. नको जाऊ."

त्याने तिचे दोन्ही खांदे धरले आणि तिला बाजूला केले. धसमुसळेपणाने नाही. भरलेली पेटी सरकवावी तसे, जपून. मग यंत्राचा आवाज चढावर जात जात बारीक झाला.

तो दुसऱ्या संध्याकाळी परतला तेव्हा ताप आपोआप उतरला होता. आठवड्याने बुरुलच्या हातून पातेल्याचे झाकण फरशीवर पडले. नाझिरा पाठमोरी बसली होती. तिने मागे वळून पाहिले नाही.

त्या दुपारबद्दल तो कधी बोलला नाही, आणि तिनेही विषय काढला नाही. पुढे दोन मुलगे झाले. ते आता रशियात ट्रक चालवत होते, उद्या पहाटे पोचणार होते. संसार झाला. पण कधी चहा ओतताना त्याच्या मनगटांकडे नजर गेली, की तिला आपले खांदे जाणवत.

नाझिरा बापाची झाली. चाळिशीच्या इशेनालीने तिच्या शाळेच्या पुस्तकावरून बोटांची अक्षरे शिकून घेतली. बोटे इतकी जाड की त्याची दोन अक्षरे सारखीच दिसत, आणि ती दोघे त्यावर पोट धरून हसत. आईशी नाझिरा चांगली वागे. पाणी आणी, कपडे शिवून देई, विचारले की उत्तर देई. काम संपले की उठून जाई. काही मुलींना बापच आवडतो, असे बुरुल शेजारणींना सांगत असे.

दुपारी अंगणात टॅक्सी थांबली. त्यातून पासष्टीची एक ठेंगणी बाई उतरली. हातात गाठोडे होते. तिने रीतीप्रमाणे दारातूनच रडत आत पाऊल टाकले, बुरुलला मिठी मारली, काल्बूचे हात धरले.

"मी तुर्सुनाय. नारिनहून आले. त्या बसमध्ये मी होते," डोळे पुसत ती म्हणाली. "उद्या गर्दीत बोलणं व्हायचं नाही, म्हणून आजच आले."

तिला गादीवर बसवले, दुधाचा चहा दिला. तिने गाठोडे सोडून पांढरा रुमाल काढला आणि बुरुलच्या मांडीवर ठेवला. उद्या वर्षाचा काळा रुमाल उतरवून बुरुलच्या डोक्यावर पांढरा बांधायचा होता.

"हाच बांधा, एवढी माझी इच्छा. मी पाच महिन्यांची पोटुशी होते तेव्हा. त्यांनी मला खिडकीतून ओढून काढलं. अंगातला कोट दिला. मी विचारलं, घरी कोण असतं तुमच्या? म्हणाले, मुलगी आहे, तापानं फणफणलीय. मी म्हटलं, अहो, मग तुम्ही आलात कसे?" तुर्सुनायने बुरुलचा हात हातात घेतला. "म्हणाले, बायकोनं पाठवलं. म्हणाली, आपली एक आहे, तिथं कितीतरी आहेत. तुम्ही जा."

मास्तरांची पेन्सिल भराभर चालू लागली.

"चाळीस वर्षं दुआ मागताना त्यांच्या आधी तुमचं नाव घेते मी."

"अगं बाई," काल्बू म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "आणि मी सगळीकडे एकट्या भावाचाच डंका पिटत राहिले. बोलायचं नाहीस होय कधी?"

बुरुलने मान वर केली. नाझिरा दारात उभी होती, हातात घड्या घातलेल्या चादरी. तिचे डोळे तुर्सुनायच्या ओठांवर होते, म्हणजे तिला सगळे कळले होते. बुरुल तिच्या चेहऱ्यावर आश्चर्य शोधत राहिली. ते तिथे नव्हते.

"मला ठाऊक आहे," नाझिरा आपल्या जाड, सपाट आवाजात म्हणाली. "बाबांनी सांगितलं होतं. मी बारा वर्षांची होते." मग ती आईला म्हणाली, "मी रागावले नाही. आता नाही."

चादरी घेऊन ती बाहेर पाहुण्यांसाठी उभारलेल्या तंबूकडे गेली.

आता नाही. बुरुल कढईकडे परतली. घाण्यातले बोर्सोक काळपट झाले होते. ते तिने काढले, वेगळे ठेवले, नवे सोडले. बारा वर्षांची असताना. म्हणजे शाळेच्या वसतिगृहातून सुटीला आल्यावर पोरगी गळ्यात पडायची बंद झाली, तेच साल. तेव्हा बुरुल म्हणाली होती, वयात येतेय.

बर्फात थिजलेल्या परक्या बाईला माणूस काहीही बोलेल. त्याचे तिला काही वाटले नाही. कदाचित त्याला तसे ऐकायचे होते, म्हणून त्याने स्वतःच म्हणून घेतले. पण पोरीलाही तेच सांगितले? की सांगून सांगून त्यालाच ते खरे वाटू लागले होते? विचारायची सोय नव्हती. मेलेल्या माणसावर रागवायलाही अंगात ताकद लागते, आणि अजून चार घाणे बाकी होते.

मास्तरांनी घसा साफ केला. "वाचतो. चुकलं तर सांगा." ते वाचू लागले. पूल, घोडीचे दूध, सैन्य, खिंड. "आजारी मुलीची पर्वा न करता त्यांच्या पत्नी बुरुल यांनी स्वतः त्यांना..."

"ते वाक्य काढा, मास्तर." बुरुल कढईकडे तोंड करूनच म्हणाली.

"का गं?" काल्बूने विचारले. "तुझं चांगलंच तर लिहिलंय."

"तसं झालं नव्हतं, वन्सं. मी नको म्हणाले होते. पोरीला घेऊन दारात उभी राहिले होते. त्यानं मला बाजूला केलं आणि गेला."

तुर्सुनाय मांडीवरच्या हातांकडे पाहत राहिली.

"म्हणजे उद्या सगळ्या गावासमोर माझ्या भावाला खोटारडा ठरवणार तू?" काल्बू हलक्या आवाजात म्हणाली. "त्याच्याच वर्षाला? त्याच्याच घरात?"

"खोटारडा नका लिहू. बायको नको म्हणाली, तरी गेला, एवढंच लिहा. एकोणीस माणसं वाचली, तेही लिहा. बर्फ तीन पुरुष लिहा हवं तर." तिने झारा कढईच्या काठावर टेकवला. "मला त्याच्या गोष्टीतली ती दुसरीच बाई होऊन त्या पांढऱ्या रुमालात बसायचं नाही."

तुर्सुनाय म्हणाली, "तुमच्या जागी मी असते, तर मीही नकोच म्हणाले असते." आणि डोळे वर करून, "मग मी इतकी वर्षं दुआ मागितली ती कुणासाठी?"

"माझं नाव घेऊन मागितलीत ना? मग कुठंतरी लागली असेल."

मास्तरांनी पेन्सिलीने एक ओळ खोडली, वर दुसरी लिहिली. ती त्यांनी मोठ्याने वाचली नाही. वही मिटून ते उठले आणि काल्बूकडे न बघता बाहेर गेले.

खिडकीतून अंगण दिसत होते. उद्या वाचलेले नाझिराला ऐकू येणार नव्हते, म्हणून मास्तरांनी वही तिच्या हातात दिली. ती तंबूच्या दोराशी उभी राहून ओळींवर बोट फिरवत वाचू लागली. एका जागी बोट थांबले. ते परत वर गेले, पुन्हा खाली आले. बुरुलने तोंड फिरवले आणि पीठ पुढे ओढले.

नाझिरा आत आली तेव्हा काल्बू भिंतीला टेकून डोळे मिटून बसली होती, आणि तुर्सुनाय पिठाचे तुकडे कापू लागली होती. नाझिरा आईच्या समोर येऊन उभी राहिली.

"ताप किती होता?" तिने विचारले.

बुरुलने हात पुसले. मुलीला नीट दिसावे म्हणून तिने चेहरा उजेडाकडे वळवला.

"थर्मामीटर नव्हता," ती सावकाश म्हणाली. "तुझ्या कपाळाला ओठ लावून बघत होते. ती सगळी रात्र. सकाळपर्यंत मला गरम काय नि गार काय, काही कळेनासं झालं होतं."

ती बोलायची थांबली. नाझिरा अजून तिच्या ओठांकडेच पाहत होती.