चापातलं कुंकू

"आंटी, प्लीज, डोन्ट टच," म्हणत क्वेकनं पिस्तूल माझ्यापासून हातभर लांब सरकवलं. जसं काही मी ते खाणारच होते.

क्वेक म्हणजे नेमबाजी क्लबातला बंदुकांचा कारागीर. साठीचा चिनी माणूस, हात सोनाराचे, तोंड आंबट. पिस्तूल माझ्या नातीचं, ऋताचं. हवेवर चालतं, पण या परमुलखातल्या सरकारच्या लेखी ती बंदूकच. घरी आणायची सोय नाही, क्लबातच कुलपात ठेवायची. आदल्या दिवशी सरावात पिस्तुलाचा चाप अडकायला लागला. संघाची निवड चार आठवड्यांवर.

"अंकल, यू ओपन लाह. लास्ट इयर यू डिड," ऋता म्हणाली.

"लास्ट इयर कॅन. नाऊ कॅनॉट."

"काय म्हणतोय गं हा?" मी ऋताला विचारलं.

"नियम बदललाय, आजी. आता इथे उघडायचं नाही. सील करून परदेशी कंपनीकडे पाठवायचं. वॉरंटीतलं काम असेल तर जायचं-यायचं परमिट एकदमच मिळतं. तीन आठवड्यांत परत. नाहीतर दोन्ही परमिटं वेगळी. तीन महिने."

"मग आहे ना वॉरंटीत?"

"आहे गं. फक्त फॉर्म भरायचाय."

क्वेकनं बॅटरी मारून चापाच्या फटीत डोकावलं. "समथिंग रेड. रस्ट, आह?"

"गंज? वर्षभरात?" ऋता हसली.

मला घाम फुटला. त्या एसीत.

खंडेनवमीला मीच हट्टानं इथे आले होते. मरीन परेडच्या आमच्या घरून दोन बस बदलून, पर्समध्ये कुंकवाची डबी घेऊन. माझ्या सासऱ्यांची ठासणीची बंदूक होती. दर नवमीला खोबरेलात कालवलेलं कुंकू मीच तिच्या चापाला लावायची, आणि ती कधी अडली नाही. चौथी शिकलेली असले तरी बंदुकीचं मला कोणी शिकवायला नको, हा माझा तोरा. ऋता हात धुवायला गेली, क्वेकची पाठ वळली, तेवढ्यात मी बोट फिरवलं. सढळ हातानं.

ऋता फॉर्म वाचत होती. "पडलंय का? नाही. विनापरवाना कोणी उघडलंय का? नाही. आत बाहेरचा काही पदार्थ..."

पेन 'नाही'च्या चौकोनाकडे निघालं. 'हो' म्हटलं की वॉरंटी गेली, म्हणजे तीन महिने. मी गप्प राहिले असते तर निवडीत पोरगी स्वतःच्या पिस्तुलानं नेम धरू शकली असती. सहा वर्षं ती पहाटे उठलेली मी पाहिलेय. पण ते पिस्तूल कंपनीत उघडणार, आणि खोटी सही तिची निघणार. मग परवानाच गेला असता.

"थांब," मी म्हणाले. "ते कुंकू आहे. मी लावलंय."

तिनं माझ्याकडे पाहिलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. मला उलटं बोलता आलं असतं.

"आजी, मूठसुद्धा माझ्या हाताच्या मापाची आहे. दुसऱ्या पिस्तुलानं मला नाही जमणार."

"माहीत आहे."

"मग?"

क्वेकला आमचं मराठी कळलं नाही, पण तोंडं कळली. कुंकवाचं ऋतानं त्याला सांगितलं. त्यानं बॅटरी विझवली, चष्मा पुसला. "आंटी नेव्हर से. आय नेव्हर हिअर." एवढं मलाही कळलं: तो ऐकलंच नाही असं धरायला तयार होता.

पेन अजून त्या चौकोनावरच होतं. माझ्या सुनेची लेक ती, पण हट्ट माझाच उचललेला. मी तिच्या हातावर हात ठेवला नाही. तो अधिकार मी गमावला होता.

"लिही," मी म्हणाले. "लिही, की म्हातारीनं केलं. अडाणी म्हण, काय हवं ते म्हण. मी खाली सही करते."

तिनं 'हो'वर खूण केली. इंग्रजीत दोन ओळी लिहिल्या आणि कागद माझ्याकडे फिरवला. मी सावकाश, मराठीत, सुलेखा पांडुरंग दळवी असं पूर्ण नाव लिहिलं.

क्वेकनं पिस्तूल पेटीत घालून सील लावलं. मग न विचारताच कपाटातून क्लबाचं एक जुनं पिस्तूल काढून तिच्यापुढे ठेवलं. त्याची मूठ कुणा पुरुषाच्या पंजाची होती.

ऋता रेषेवर जाऊन उभी राहिली. मी मागच्या बाकावर बसले. तिचा हात वर गेला, मुठीत बोटं नीट बसेनात. गोळी न झाडताच तिनं हात खाली आणला. बोटं झटकली आणि पुन्हा वर नेला.