रामीरोचा झेंडू

झेंडू म्हटला की तो आपलाच, असं ज्याच्या डोक्यात आलं त्याला माझ्यासमोर उभा करा. बरं, राहू द्या. तो माझा नवराच आहे.

झालं असं. जर्मनीत झिंडेलफिंगेनला आमच्या इमारतीमागे सगळ्यांचा मिळून एक बगीचा आहे. त्यात यंदा झेंडू लावला तो एस्तेलाने, आमच्या वरच्या मजल्यावरच्या मेक्सिकन बाईने. तिचा नवरा रामीरो फेब्रुवारीत हार्ट अटॅकने गेला. त्यांच्याकडे नोव्हेंबर लागला की गेलेली माणसं एका रात्रीपुरती घरी येतात. त्यांचा फोटो मांडायचा, आवडीचं रांधायचं, आणि दारापर्यंत झेंडूच्या पाकळ्यांची वाट घालायची. त्या वासावर ती घर शोधत येतात. रामीरोची ही पहिलीच खेप. परक्या मुलखात पुरलेला माणूस, वाट चुकला तर? याच धास्तीने तिने ती रोपं पोटच्या पोरासारखी वाढवली. थंडी पडायला लागल्यावर रात्री त्यांच्यावर जुनी चादर घालायची.

गुरुदत्तने गॅलरीतून झेंडू पाहिला आणि मीच लावलाय असं गृहीत धरलं. बायकोला विचारायचं? छे! परस्पर शिरीषला, म्हणजे आमच्या मराठी मंडळाच्या अध्यक्षाला, सांगून टाकलं की दिवाळीच्या कार्यक्रमाला हवा तेवढा घेऊन जा. एक नोव्हेंबरला सुट्टी, हॉलही त्याच दिवशी मिळालेला. सकाळी मी शंकरपाळे तळत होते, तेवढ्यात शिरीष येऊन एकूण एक फूल खुडून गेला.

दुपारी एस्तेला दारात. हातात बोडका देठ. फुलं कुणी नेली, तुला ठाऊक आहे का, एवढंच तिने विचारलं. नवऱ्याला विचारलं, त्याने सगळं सांगितलं, आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

हॉलवर पोचले तर लक्ष्मीपूजन नुकतंच उरकलेलं, आणि स्टेजभर झेंडूच्या माळा. शिरीषला सगळं सांगितलं, तर जर्मन थाटात म्हणतो कसा, आल्झो, म्हणजे असं करू, सुपरमार्केटमधून छानसा गुच्छ नेऊन देऊ तिला. वर मला ऐकवतो, झेंडू म्हणजे आपल्या संस्कृतीचं फूल. डोंबल संस्कृतीचं! हे फूल तिच्या देशातून जहाजात बसून आलं आपल्याकडे. आपण त्याचं नावही ऐकलं नव्हतं, तेव्हापासून तिची माणसं ते वाहताहेत. हे मी चारचौघांत बोलले, चांगला आवाज चढवून.

मग प्रभाकाकू पुढे झाल्या. मंडळात त्यांचा शब्द शेवटचा. देवीला वाहिलेली फुलं काढायची, तीही मेलेल्या माणसासाठी? सणासुदीला असलं अभद्र बोलू नये, म्हणाल्या.

"काकू, ही फुलं आधी रामीरोच्या नावाची होती," मी म्हटलं. "दुसऱ्याच्या पितराच्या पानातलं उचलून तुम्ही लक्ष्मीला वाढलंत. अभद्र ते आहे."

मी खुर्चीवर चढले आणि माळा ओढून काढल्या. लोक बघताहेत, लोक बघताहेत, असं गुरुदत्त खालून पुटपुटत होता. बघू देत की.

घरी आणून माळा एस्तेलाच्या ओटीत घातल्या. तिने एक नाकाशी नेली, थांबली, पुन्हा हुंगली. झेंडूचा वास उग्र म्हणून सजावटवाल्या शहाण्यांनी त्यावर गुलाबाचा स्प्रे मारला होता. अगदी भिजेपर्यंत.

"हा वास त्याला ओळखू येणार नाही," ती म्हणाली आणि माळ बाजूला ठेवली.

इतका संताप कधी आला नव्हता मला. काय करावं सुचेना, म्हणून बगिच्यात गेले. फुलं नेली तरी पानं होती. एक चुरगळून पाहिलं. तोच वास, उग्र, खरा. पदर भरून तोडली. तेवढ्यात गुरुदत्त आला, मान खाली, अंगात दिवाळीचा रेशमी कुर्ता. पानं त्याच्यापुढे ओतली.

"बस खाली. फाटकापासून तिच्या दारापर्यंत चुरगळत जा. एकही पायरी सोडायची नाही."

तो बसला. शेजारचे जर्मन आजोबा वाकून बघत होते, तरी थांबला नाही. वर पोचला तेव्हा बोटं हिरवी, कुर्त्याचे गुडघे हिरवे. एस्तेला दारातच उभी होती. तिने त्याचे दोन्ही हात धरून नाकाशी नेले, आणि फेब्रुवारीनंतर पहिल्यांदाच मी तिला मोकळं रडताना पाहिलं.