फाटक्या तोंडाचा ढाक

मित्रांनो, मी एक जुना ढाक आहे, बंगालातला मोठा ढोल. भागीरथीच्या काठावरच्या आंब्याच्या खोडातून मला कोरलं आणि तोंडांवर बकऱ्याचं चामडं ताणलं. माझा धनी श्रीदाम ढाकी, म्हणजे ढाक वाजवणारा. दुर्गापूजेत मी घुमलो की अख्खं गाव नाचायचं. गावचे जमीनदार चक्रवर्ती, त्यांची धाकटी सून क्षेमंकरी आम्हाला आठवणीने मुरमुरे आणि गूळ द्यायची.

"श्रीदामदादा, एवढं तुम्ही खाता की तुमचा ढाक?" असं चिडवायची. मला ती फार आवडायची.

पण आम्हाला घाटावरही बोलावत. नवरा मेला की त्याच्या बायकोला चितेवर चढवत आणि तिचा आक्रोश कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून मला बडवत. लोक म्हणत, "काय वाजतो!" त्या कौतुकाची मला किळस यायची.

एका कुंद सकाळी आम्ही घाटावर गेलो, तर चितेपाशी क्षेमंकरी उभी. तापाने तिचा नवरा गेला होता.

ठाण्याचा दारोगा म्हणाला, "सती जायच्या आधी बाईंची मर्जी विचारायचा कंपनी सरकारचा हुकूम आहे."

"विचारा की!" तिच्या दिराने, गोकुळने, आम्हाला खूण केली. मी दणाणू लागलो. तिचे नुसते ओठ हलताना दिसले.

"काय म्हणाल्या?"

"हो म्हणाली! कान फुटले का तुमचे?" मग तो श्रीदामवर खेकसला, "जोरात रे! पूजेत खाऊन खाऊन माजलास, आता हात गळाले काय?"

"हवा दमट आहे, मालक. चामडं सैल पडलंय. जरा शेकून घेतो."

मला शेकणं नेहमीचंच होतं. पण त्या दिवशी श्रीदामने मला निखाऱ्यांवर धरलं ते धरलंच. चटके बसत होते, तरी तो हात मागे घेईना. त्याच्या मनातलं मला कळलं. भीती वाटली, पण मी स्वतःला ताणत राहिलो. फट्कन माझं तोंड फाटलं.

घाट गप्प झाला.

"मला नाही जळायचं! मला माहेरी न्या हो!" क्षेमंकरीचा आवाज नदीपलीकडे गेला.

दारोगाने मान खाली घातली. "आता ऐकलं नाही असं कसं म्हणू?" त्याने शिपायांना नाव आणायला सांगितलं आणि ती नदीपलीकडे माहेरी गेली.

त्यानंतर चक्रवर्तींच्या धाकाने श्रीदामला कुणी वाजवायला बोलावलं नाही. माझ्यावर नवं चामडं चढलं नाही. आता माझ्या पोटात कोंबडी अंडी घालते. पूजेच्या दिवसांत मात्र नदीपलीकडून मुरमुरे-गुळाच्या दोन पुरचुंड्या येतात. एक श्रीदामची, एक माझी.

मित्रांनो, वाद्यांना जपा. ओल लागू देऊ नका. आणि कुठे ती फारच जोरात वाजत असतील, तर वाजवणाऱ्याचा हात क्षणभर धरा. त्या आवाजाखाली कुणीतरी नाही म्हणत असेल.